तिसऱ्या खुर्चीवरचा दादा

गेल्या पौषात कॅप्टन राजाध्यक्षांचा फोन आला तेव्हा दादा गच्चीवर रजया उन्हात घालत होता. फोन मी घेतला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "पळसुले आहेत का? नसतील तर किती मिनिटांत येतील?"

"आहेत. गच्चीवर आहेत."

"किती पायऱ्या?"

"काय?"

"गच्चीला किती पायऱ्या आहेत, बाई? म्हणजे मला अंदाज येईल."

सत्तर वर्षं ज्या जिन्यावरून चढले-उतरले त्याच्या पायऱ्या मी कधी मोजल्या नव्हत्या. मी दादाला हाक मारली. तो सावकाश खाली आला, फोन कानाला लावला, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकोणऐंशी वर्षांचा माणूस ताठ उभा राहिला.

"यस सर... नाही सर, दारापर्यंत गाडी येत नाही. मैदागिनपर्यंत ई-रिक्षा, पुढे गली... माझ्या पायांनी अकरा मिनिटं. तुमच्या गुडघ्यानं वीस धरा... हो सर. पायऱ्या चौदा."

फोन ठेवून तो म्हणाला, "शरू, राजाध्यक्ष येतायत. चार दिवस. मुलीला घेऊन."

राजाध्यक्ष कोण हे मला विचारावं लागलं नाही. या माणसाबद्दल मी इतकं ऐकलं होतं आणि इतकं सांगितलं होतं, की दुर्गाघाटावरच्या आमच्या गलीत निम्म्या घरांना हे नाव ठाऊक असेल. ते का, हे सांगायचं तर आधी दादाबद्दल सांगायला हवं.

माझा थोरला भाऊ बिंदुमाधव पळसुले हा विमानात फ्लाइट इंजिनिअर होता. आता ती नोकरीच जगात उरलेली नाही. आमचे वडील, अण्णा, ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवीत. दादानंही तिथं सात वर्षं संथा घेतली. मग त्याला यंत्रांचं वेड लागलं. विद्यापीठातून इंजिनिअर झाला, कलकत्त्याला हँगरमध्ये चार वर्षं ग्रीसमध्ये हात घातले, परीक्षा दिल्या, आणि एक दिवस मुंबईहून पत्र आलं की मी आता विमानाबरोबर उडतो.

सुट्टीत आला तेव्हा अण्णांनी त्याला समोर बसवलं. "म्हणजे विमान तू चालवतोस?"

"नाही अण्णा. चालवतात कॅप्टन, शेजारी को-पायलट. मी त्यांच्या मागे तिसऱ्या खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून."

"भिंतीवर काय आहे?"

"काटे. शंभराच्या वर असतील. इंजिनांचे, इंधनाचे, हवेचे, विजेचे."

"आणि तू करतोस काय?"

"बघतो. काही चुकत असेल तर सांगतो."

अण्णांनी ते मनाशी घोळवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, म्हणजे यज्ञातला ब्रह्मा! होता मंत्र म्हणतो, अध्वर्यू आहुती देतो, आणि ब्रह्मा गप्प बसून सगळ्यांच्या चुका बघतो. मोठा मान आहे." दुसऱ्या दिवसापासून ते गलीत सांगू लागले, "आमचा बिंदू विमानात ब्रह्मा आहे." पुष्कळ लोकांचा समज झाला की विमान कंपनीनं उड्डाणाआधी पूजा सांगायला गुरुजी नेमले आहेत. एका शेजाऱ्यांनी आपल्या पुतण्याचीही तिथं सोय होईल का, म्हणून विचारलं होतं.

दादा दर दिवाळीला घरी यायचा. मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. वर्गात मी लंडन, नैरोबी, टोकियो नकाशावर दाखवायचे, आणि दादा तिथं जेवून आलेला असायचा. पण त्याला शहरांबद्दल विचारलं तर तो म्हणे, "हॉटेल चांगलं होतं." त्याच्या पोतडीत गोष्टी असत त्या कॅप्टनांच्या.

एक कॅप्टन मिस्किटा होते, वसईचे. विमान खाली आणायला लागले की ते चर्चमधली गाणी गुणगुणायचे. आवाज बरा नव्हता, पण सगळ्या कॉकपिटला त्याची सवय झालेली. एकदा ढगांत गाणं मध्येच थांबलं. दादा सांगे, "मी काट्यांकडे बघितलंच नाही, आधी त्यांच्याकडे बघितलं. मिस्किटा गप्प म्हणजे काहीतरी आहे." निघालं इतकंच, की पुढचं कडवं आठवत नव्हतं. उतरल्यावर त्यांनी विमानतळावरून बायकोला फोन करून ते विचारून घेतलं, आणि मगच घरी गेले.

कॅप्टन बग्गांना गुलाबांचं वेड. दिल्लीहून मुंबईच्या मित्रासाठी कलमं न्यायचे, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. ती टांगायची जागा म्हणजे दादाच्या डोक्यावरचा हुक. पाणी टपटप दादाच्या कॉलरीत पडे. दादा दोन वेळा गप्प बसला. तिसऱ्यांदा थेंब काट्यांच्या पॅनेलवर पडला तेव्हा तो उठला, कलमं काढली आणि कॅप्टनच्या मांडीवर ठेवली. "सर, माझी कॉलर भिजू दे. जनरेटर भिजायला नको." बग्गांनी मुंबईपर्यंत ती कलमं मांडीवर तान्ह्या मुलासारखी धरली होती. पुढच्या वर्षी त्यांनी दादाला एक कलम भेट दिलं. ते काशीच्या उन्हाळ्यात जगलं नाही. बग्गांना मात्र दादा दर पत्रात फुलं मोजून कळवत राहिला. त्याच्या आयुष्यातलं एवढं एकच खोटं मला माहीत आहे.

आणि कॅप्टन वर्गीस! त्यांना प्रवाशांना खालच्या नद्या दाखवायचा शौक. "तुमच्या डाव्या हाताला नर्मदा." मग उजवीकडच्या प्रवाशांवर अन्याय नको म्हणून विमान हळूच तिरकं करायचे. हवाई सुंदरी सूप वाढत असायची. एकदा एका आजोबांच्या धोतरावर नर्मदेच्या काठी टोमॅटो सूप सांडलं, आणि वर्गिसांनी खाली उतरल्यावर त्यांना स्वतःची पँट देऊ केली. आजोबांनी ती घेतली, असं दादा शपथेवर सांगतो.

या सगळ्यांत कॅप्टन राजाध्यक्ष वेगळे. त्यांना लोक टरकून असत. उड्डाणाआधी ते स्वतःच्या वेताच्या छडीनं विमानाचा एकेक टायर ठोकून बघायचे. कॉकपिटमध्ये 'ठीक आहे' म्हणायला बंदी. "ठीक म्हणजे काय? आकडा सांगा." आणि उड्डाण मध्यावर आलं, सगळे जरा सैल बसले, की ते उठून मागे यायचे आणि आपली टोपी दादाच्या एखाद्या काट्यावर ठेवायचे. "पळसुले, याच्याखाली काय दिसत होतं?" दादाला आकडा सांगता यायलाच हवा. पहिल्या वर्षी तो सात वेळा चुकला. नंतर कधीच नाही. "छळ होता तो," दादा म्हणे, "पण त्यानं मी बघायला शिकलो."

या राजाध्यक्षांना मी एकदाच पाहिलं होतं, शहाऐंशी सालच्या मे महिन्यात. ती माझी पहिली विमानयात्रा. दादा दिल्लीहून मुंबईचं विमान नेणार होता आणि त्यानं मला तिकीट काढून दिलं होतं. मला पंखांजवळची, मधल्या वाटेकडची जागा मिळाली. चढताना कॅप्टन दारात उभे होते. दादानं ओळख करून दिली तर त्यांनी मला विचारलं, "वजन किती?" मी घाबरून खरं सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

मुंबई जवळ आली. कानाला दडे बसले, खाली झोपड्या आणि खाडी दिसायला लागली. इतक्यात कॉकपिटचं दार उघडून दादा बाहेर आला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. माझ्या रांगेच्या दोन हात पुढे तो वाटेतच गुडघ्यांवर बसला, गालिच्याचा तुकडा उचलला, आणि जमिनीला डोळा लावून पालथा झाला. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, आणि माझा भाऊ प्रवाशांच्या पायांत लोटांगण घातल्यासारखा. त्या जुन्या विमानात जमिनीत एक लहानशी काच बसवलेली असे. तिच्यातून खालची चाकं दिसत. चाक पूर्ण उघडून पक्कं बसलं की दांड्यावरचे दोन लाल पट्टे एका रेषेत येतात, हे मला नंतर कळलं.

तो उठून आत गेला. विमान आणखी खाली आलं. रस्त्यावरच्या गाड्या ओळखू येत होत्या. आणि एकदम इंजिनं गर्जली आणि आम्ही पुन्हा वर चढू लागलो. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात घट्ट धरला. पाऊण तासाएवढं वाटलं, असेल वीस मिनिटं. दादा पुन्हा बाहेर आला, पुन्हा पालथा पडला, यावेळी लवकर उठला. आम्ही उतरलो. चाकं टेकली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी दादाच्या मुंबईच्या घरी वहिनी त्याच्या तळहातांना तूप लावत होत्या. दोन्ही हातांना फोड आले होते. तो एवढंच म्हणाला, "डावं चाक नीट बसलं नव्हतं. विमानातला हाताचा दांडा फिरवून बसवावं लागलं. दांडा जाम होता."

पुढे कंपनीनं कॅप्टन राजाध्यक्षांना प्रशस्तिपत्र दिलं, ते वर्तमानपत्रात छापून आलं. मी ते कात्रण शाळेत नेलं. आणि मग तीस वर्षं, दर वर्षी सातवीच्या मुलींना मी ती गोष्ट सांगितली. कॅप्टन कसे शांत राहिले, त्यांनी कसं धोका ओळखून विमान पुन्हा वर नेलं. दादाचा भाग जमिनीवर पालथं पडण्यापुरता. मुली हसायच्या. दादा निवृत्त होऊन, आणि पुढे वहिनी गेल्यावर, काशीला माझ्याकडे राहायला आला. तेव्हा त्याच्या समोरही मी पाहुण्यांना हीच गोष्ट सांगायचे. तो ऐकून घ्यायचा. कधी चहा गाळायला उठायचा.

त्याच्या निवृत्तीचं सांगायचं तर, नव्या विमानांत तिसरी खुर्चीच नव्हती. त्याचे शंभर काटे एका संगणकात गेले. मला वाटलं त्याला दुःख होईल. तो म्हणाला, "शरू, तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलो. आता नदीकडे तोंड करून बसतो." आणि खरंच तसा बसला. सकाळी घाट, दुपारी गलीतल्या कुणाच्या तरी मिक्सरची नाहीतर शिलाई मशीनची दुरुस्ती, संध्याकाळी पंचगंगेपर्यंत चक्कर. मी त्याच्याइतका समाधानी माणूस पाहिला नाही.

तर राजाध्यक्ष आले. दादा त्यांना आणायला मैदागिनला गेला होता. मी दारात उभी राहून वाट बघत होते. गलीच्या वळणावर आधी छडीचा आवाज आला, मग ते दिसले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, वाळलेले, पण डोक्यावर टोपी अगदी सरळ. मागे त्यांची मुलगी मालविका, पन्नाशीची, दोन्ही हातांत सामान. आणि त्यांच्या समोर आमच्या गलीचा सांड आडवा उभा. दादा त्याला बाजूला करायला पुढे झाला तर राजाध्यक्षांनी छडी आडवी धरली.

"थांबा, पळसुले. तो आधी आलाय. त्याला जाऊ द्या."

सांड निघून जाईपर्यंत सहा मिनिटं चौघेजण भिंतीला टेकून उभे होते: हे तिघं, आणि मागून आलेला दूधवाला. दूधवाल्यानं मला नंतर विचारलं, "दीदी, कौन हैं ये? पुलिस में थे का?"

चार दिवस घरात शिस्त आली. चहा किती वाजता म्हणजे किती वाजून किती. मी "होईल पाच मिनिटांत" म्हटलं की ते घड्याळ बघत, आणि गंमत म्हणजे तिसऱ्या दिवशी माझा चहा खरोखर पाच मिनिटांत व्हायला लागला. चौखंब्यातला मलइयो, थंडीत मिळणारा दुधाचा गोड फेस, त्यांना आवडला. पहिल्या दिवशी एक कुल्हड, दुसऱ्या दिवशी दोन. "बाई, यात वजन काहीच नाही, मग किंमत कशाची?" "फेसाची," मी म्हटलं. त्यांना ते पटलं.

मालविका बिचारी सारखी माफी मागायची. "मावशी, बाबांना सांभाळून घ्या हं." मी म्हटलं, "अगं, मी तीस वर्षं सातवीचा वर्ग सांभाळलाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना नदीतून घाट बघायचे होते. दादानं काशीनाथ मल्लाहला सांगून ठेवलं होतं. काशीनाथ आमच्या ओळखीचा, त्याचा बापही आम्हाला पार नेत असे. राजाध्यक्ष एकेक पायरी मोजत खाली उतरले आणि नावेपाशी थांबले.

"लाइफ जॅकेट कितने हैं?"

"दो हैं, साहेब."

"आदमी पाच. तीन और लाओ."

काशीनाथ हसला. "अरे साहेब, गंगा मइया हैं, कुछ नहीं होगा."

"मइया अपना काम करेंगी. तुम अपना करो."

काशीनाथनं दादाकडे पाहिलं. दादानं मान हलवली, आणण्याच्या बाजूनं. शेवटी शेजारच्या दोन नावांतून तीन जॅकेटं आली, एक त्यानंही घातलं, आणि आम्ही पाच जण नारिंगी होऊन निघालो. घाटावरची माणसं बघत होती. मला आधी लाज वाटली, मग ऊब वाटली.

ऊन छान होतं. पंचगंगा मागे पडली, बालाजी घाट गेला. त्या महिन्यांत उत्तरेकडून येणारे पांढरे पक्षी पाण्यावर थव्यानं बसतात. लोक त्यांना शेव टाकतात. अमृतराव घाटासमोर काशीनाथनं वल्ही थांबवली. मालविकानं मूठभर शेव उधळली आणि पक्षी आमच्याभोवती उतरायला लागले. राजाध्यक्ष त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"बघितलंत, पळसुले? पाय शेवटच्या क्षणी खाली काढतात."

"हो सर."

"यांना दिवा बघावा लागत नाही."

 राजाध्यक्षांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्या दिवशी विमानात होतात. तुम्हाला माहीत आहे का काय झालं ते?"

मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, "माहीत म्हणजे? तीस वर्षं मुलींना सांगतेय. तुम्ही धोका ओळखलात आणि विमान..."

"मी ओळखला नव्हता."

दादा घाईनं म्हणाला, "सर, राहू द्या. कॉकपिटमधलं कॉकपिटमध्ये."

"तुम्ही गप्प बसा, पळसुले. त्यासाठीच मी आलोय." ते पुन्हा माझ्याकडे वळले, पण बोलत होते बहुतेक मुलीशी. "चाकांचे तीन हिरवे दिवे लागायला हवेत. दोन लागले. बल्ब बदलला, तरी दोनच. तुमच्या भावानं काचेतून बघितलं आणि सांगितलं, डाव्या चाकाचे पट्टे जुळत नाहीत, एका बोटाचा फरक आहे. मी म्हटलं, काच धुळीनं माखलीय. गेल्या आठवड्यात याच विमानाचा दिवा दोनदा खोटा निघाला होता. चाक बसलेलं आहे. मी उतरवतोय."

पक्षी ओरडत होते. काशीनाथनं वल्हं पाण्यातून उचलून धरलं होतं.

"उतरण्याआधी इंजिनिअर कार्डावरची चेकलिस्ट मोठ्यानं वाचतो. शेवटी तो म्हणतो, चेकलिस्ट पूर्ण. ते ऐकल्याशिवाय उतरायचं नाही, असा नियम. यांनी सगळी वाचली आणि चाकांच्या ओळीवर थांबले. मी म्हटलं, वाचा. हे म्हणाले, वाचता येत नाही सर, दोनच हिरवे आहेत. धावपट्टी समोर दिसत होती. मी ओरडलो. पळसुले, वाचा, हा हुकूम आहे. यांनी कार्ड मिटलं, मांडीवर ठेवलं, त्यावर हात ठेवला, आणि सात सेकंदं गप्प बसले."

"मग?" मालविका म्हणाली.

"मग मी विमान वर घेतलं. यांनी दांडा फिरवला. सात ठिकाणी कातडी निघाली होती, मी मोजलं. चाक बसलं. पट्टे जुळले. चाक तेव्हा बसलेलं नव्हतं, मालू. मी तसाच उतरलो असतो तर एकशे एकवीस माणसं होती." त्यांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली. "रिपोर्ट मी लिहिला. चाक अडकलं, हातानं बसवलं, सुरक्षित उतरलो. एक अक्षर खोटं नाही. फक्त ती मधली सात सेकंदं नाहीत. त्यावर मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून आपल्या दिवाणखान्यात आहे, तुला माहीत आहे. यांचं कौतुक मी कुणापाशी केलं नाही, कारण ते सांगायचं तर माझं चुकलेलं सांगावं लागलं असतं."

मालविका वडिलांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आई गेली तेव्हाही तुम्ही एवढं बोलला नव्हता."

"म्हणूनच आलो. तिच्याशी बोलायचं राहिलं. हे राहायला नको."

दादाचे डोळे भरले होते. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "सर, कार्ड मिटणं सोपं होतं. थ्रॉटल तुमच्या हातात होता. विमान वर तुम्ही घेतलंत. न घेता उतरला असतात तर मी काय करणार होतो? दहा सेकंदांत स्वतःचा हुकूम मागे घेणारे कॅप्टन मी फार बघितले नाहीत."

"दहा नाही. सात."

"सात, सर."

"घरी गेल्यावर ती चौकट उतरवतो."

"नका उतरवू. भिंतीवर पांढरा चौकोन राहील, आणि येणारा प्रत्येक जण विचारील."

राजाध्यक्ष हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. काशीनाथला मराठी कळत नाही, पण तोही हसला आणि त्यानं वल्ही पाण्यात घातली.

चौथ्या दिवशी त्यांची गाडी दुपारची होती. निघताना राजाध्यक्षांनी दादाला मिठी मारली नाही, तसला स्वभाव नाही. त्यांनी हात पुढे केला. दादानं हात दिला, तर त्यांनी तो उलटा करून तळवा बघितला, चष्मा वर करून, नीट. आता तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. "बरं," ते म्हणाले, आणि गलीत वळले. मालविका मात्र माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मावशी, आता तुम्ही मुंबईला या. चहा मी करीन, कितीही वेळ लागू दे."

दोघं गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मटार सोलायला बसले. दादा समोर येऊन बसला आणि सोलू लागला. मला राग आला होता, आणि तो कुणावर ते मला कळत नव्हतं.

"तू मला सांगायला हवं होतंस," मी म्हटलं. "तीस वर्षं मी मुलींना चुकीचं सांगितलं. तुझ्या समोर, पाहुण्यांना! आणि तू चहा गाळायला उठायचास."

"तू छान सांगायचीस. कॅप्टनचा आवाज तर हुबेहूब."

"थट्टा नको, दादा."

त्यानं हातातली शेंग पूर्ण सोलली. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू गलीभर केलं असतंस. पुढे कुठंतरी त्यांच्या कानावर गेलं असतं. माणूस वाईट नव्हता गं. टोपी काट्यावर ठेवून त्यांनीच मला बघायला शिकवलं. त्यांनी शिकवलेलं मी त्या दिवशी त्यांनाच सांगितलं, इतकंच."

"पण तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. नोकरी जाईल याची. घर, माझ्या रोहनची शाळा, अण्णांची औषधं, सगळं त्या सात सेकंदांत आठवलं." त्यानं पुढची शेंग उचलली. "कार्डावर हात का ठेवला होता, माहीत आहे? थरथरत होता म्हणून. साहेबांना वाटलं, मी ठाम आहे. तेच बरं झालं."

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, "आता मात्र मी सगळं सांगणार आहे. खरं, पहिल्यापासून."

"सांग," तो म्हणाला. "पण त्यांनी विमान वर घेतलं तेही सांग. तेवढं विसरू नको."

"नाही विसरणार."

दुपारी त्यानंच चुलीपाशी उभं राहून चूडा-मटर केला. पोहे तुपात परतून, वरून हिरवे मटार, आलं, मिरची. वेदशाळेतला देवव्रत त्याची सायकल दुरुस्त झाली का बघायला आला होता, त्यालाही बसवून घेतलं. मिरची जरा जास्तच पडली होती. देवव्रत पाणी पीत पीत खात होता आणि मी त्याला मुंबईची धावपट्टी समोर दिसू लागली इथपासून सांगायला सुरुवात केली. दादानं यावेळी उठून जायचं कारण शोधलं नाही. तिथंच भिंतीला टेकून बसला, आणि आपली ताटली दुसऱ्यांदा भरून घेतली.